त्रेसष्टच्या जागी छत्तीस

मित्रांनो, मी फळा आहे, पण शाळेतला नव्हे. माझ्यावर कुणी खडूने लिहिले नाही आणि मला डस्टरही कधी लागला नाही. मी प्रार्थनामंदिरातला, गीतांचे आकडे लावायचा फळा. एका मोडक्या बाकाची पाठ सुतारकाकांनी रंधा मारून घेतली, तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकून चार खाचा केल्या आणि मला वाजवायच्या पेटीच्या वरच्या भिंतीवर टांगले. रविवारी कोणती चार गीते म्हणायची ते मी सांगायचो. पाळकसाहेब तोंडाने आकडा सांगत नसत. इथली पद्धतच तशी होती, उपासनेत मध्ये बोलून खंड पाडायचा नाही.

माझे आकडे खिळेमामांनी बनवले. खिळेमामा छापखान्यात खिळे जुळवायचे, म्हणजे शिशाचे एकेक अक्षर उचलून त्यांच्या ओळी लावायचे, म्हणून हे नाव. सख्खा भाचा त्यांना एकही नव्हता, पण मंडळीतली झाडून सगळी मुले त्यांना मामाच म्हणत. छापखान्यातल्या जाहिरातींच्या मोठ्या लाकडी खिळ्यांनी त्यांनी जाड पुठ्ठ्यावर आकडे छापले, पत्र्यावर चिकटवले आणि खणाखणांच्या पेटाऱ्यात लावून ठेवले. अंधारातही त्यांच्या हाताला बरोबर सात लागायचा.

दर रविवारी ते सगळ्यांच्या आधी तासभर यायचे. रुमालाने मला पुसायचे, पाळकसाहेबांनी दिलेली चिठ्ठी बघून आकडे लावायचे, तीन पावले मागे जायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "शुद्ध!" छापखान्यात मजकूर बिनचूक निघाला की हाच शब्द वापरत. त्यांच्या मजकुरावर लाल शाईचा थेंब पडत नाही, अशी ख्याती होती. कुणी सहज म्हणाले, "मामा, एकदा नजर घालू का?" तर मामांच्या कपाळावर आठी पडे. "चाळीस वर्षांत कुणाला घालावी लागली नाही," असे म्हणून ते पेटारा बंद करायचे.

मी तेव्हा फार चढून गेलो होतो, हे आधीच कबूल करतो. दोनशे माणसे एकदम मान वर करून माझ्याकडे बघतात, म्हणजे मी कुणीतरी मोठाच! पुढे कळले की ती मला बघायला बघतच नव्हती. आकडा दिसला की सगळ्या माना खाली, पुस्तकात. एका उपासनेत चार वेळा, प्रत्येक वेळी दोन क्षण, इतकीच माझी लोकांशी ओळख. बाकीचे सहा दिवस मी आणि बंद खिडक्या. आकडे मला पाठ होते, गीत मात्र एकही येत नव्हते. एकटेपणा म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

खिळेमामांचेही बरेचसे तसेच होते. पवित्र शास्त्रातले, बायबलातले अध्यायच्या अध्याय त्यांना तोंडपाठ. प्रार्थनेला उभे राहिले की एक शब्द अडखळायचा नाही. दुसऱ्या कुणी वचन सांगताना शब्द मागेपुढे केला तर मामा तिथल्या तिथे दुरुस्त करायचे, मग तो बिचारा पुढचे वचन विसरून जायचा. लोक म्हणत, विश्वासात मुरलेला माणूस आहे. मीही तसेच समजत होतो.

माझ्या खाली पेटी होती आणि ती वाजवायच्या मामांच्या धाकट्या बहीण. सगळे त्यांना पेटीवाल्या बाई म्हणत. गीते त्याच निवडायच्या. पण चिठ्ठी त्या पाळकसाहेबांकडे द्यायच्या आणि पाळकसाहेब ती मामांकडे. भाऊ तिथे, बहीण इथे, मध्ये चार हात जागा, तरी चिठ्ठी लांबून फिरून यायची. अकरा वर्षे हे असेच चालले होते.

त्याचे कारण ऐका. त्यांची आई वारली, तेव्हा मंडळीच्या पत्रकात छापायची दुःखद वार्ता मामांनी स्वतः जुळवली. डोळे पुसत जुळवली. मागे मुलगा, सून, नातवंडे असा परिवार आहे, असे छापून आले. मुलीची ओळ त्यात नव्हती. सहा वर्षे आईचे अंथरूण काढणारी, तिला भरवणारी ती मुलगी. बाई ते पत्रक घेऊन मामा आकडे लावत होते तिथे, अगदी माझ्यासमोर आल्या.

"दादा, आईला मुलगी नव्हती का रे?"

मामांनी पत्रक वाचले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटले, आता सांगतील. पण ते म्हणाले, "छापलं ते छापलं. आता काय करू?"

बाई पेटीकडे गेल्या. सगळे पांगल्यावर मामा बाकावर बसले आणि स्वतःशीच पुटपुटले, "ओळ सुटली माझी." हे वाक्य फक्त मी ऐकले. मित्रांनो, काय माणूस होता बघा! माझ्या हातून चूक झाली, हे म्हणण्यापेक्षा बहिणीने आपल्याला दुष्ट समजलेले त्यांना चालले. मी ओरडून सांगितले असते, पण मला तोंड नाही. मला फक्त आकडे.

आणखी एक गोष्ट मला वरून दिसायची आणि दुसऱ्या कुणाला दिसत नव्हती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. मामा पहिल्या रांगेतून ताठ मानेने उठून भाकर आणि प्याला घ्यायचे. बाई मात्र घ्यायच्या नाहीत. सगळे मेजाकडे जात असताना त्या पेटी वाजवत राहायच्या, शेवटचा माणूस जागेवर बसेपर्यंत. लोकांना वाटे, वाजवणाऱ्याला सवड कुठून मिळणार, नंतर घेत असतील. त्या नंतरही घेत नव्हत्या. मनात भावाविषयी अढी ठेवून त्या मेजाला हात लावायचे त्यांच्या जिवावर येई. अकरा वर्षे त्या उपाशीच घरी गेल्या, असे मी तरी म्हणेन.

मग नवे पाळकसाहेब आले. वयाने लहान, बोलायला साधे. एकदा ते म्हणाले, "बाळानं दूध प्यावं, त्यात काही वाईट नाही. पण साठीचा माणूस बाटली तोंडात धरून बसला, तर आपण काय म्हणू? विश्वासाचंही तसंच आहे. किती वचनं पाठ झाली यावर वाढ मोजू नका. घरी जाऊन कुणाची माफी मागता येते का, ते बघा." लोक हसले. मामाही हसले. फक्त त्या दिवशी आकडे पेटाऱ्यात ठेवताना त्यांनी दोन आकडे चुकीच्या खणात टाकले.

काही महिन्यांनी, एका पहिल्या रविवारी, सकाळी चिठ्ठी देताना पाळकसाहेब म्हणाले, "मामा, बाई गुरुवारी मुलीकडे राहायला जाताहेत. कायमच्या. आज त्यांचा इथला शेवटचा रविवार. कळलं ना?"

"कळलं," मामा म्हणाले.

"काही बोलणं झालं का?"

"आकडे लावायचेत साहेब, उशीर होतोय."

उशीर मुळीच होत नव्हता. मामा बराच वेळ चिठ्ठी हातात धरून उभे होते. मग त्यांनी आकडे लावले. पहिल्या तीन खाचा नीट झाल्या. चौथे गीत मेजाकडे जातानाचे, त्रेसष्टावे. छापखान्यात जुळवलेला मजकूर उलटा असतो, छापल्यावर सुलटा होतो. ती उलटी नजर जन्मभर छापखान्यातच राहिलेली, त्या दिवशी मंदिरात शिरली. डोळ्यांत पाणी होते हेही खरे. मामांनी आधी तीन लावला, मग सहा. तीन पावले मागे गेले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "शुद्ध."

छत्तिसावे गीत दफनाचे होते.

उपासना शेवटाकडे आली. बाईंनी त्रेसष्टची चाल धरली. ज्यांना चाल कानाने ठाऊक होती त्यांनी त्रेसष्ट म्हटले, ज्यांनी माझ्याकडे बघून पुस्तक उघडले त्यांनी छत्तीस. अर्धी मंडळी प्रभूच्या मेजाकडे निघाली आणि अर्धी दफनभूमीकडे! असा गोंधळ उडाला की शेवटी पेटीच थांबली. मागच्या बाकावरून बेकरीवाले काका हळू म्हणाले, पण त्यांचे हळूही सगळ्यांना ऐकू जाते, "बहीणभावाचा छत्तीसचा आकडा आता फळ्यावरच लागला बघा!" हशा पिकला. दोनशे माणसे माझ्याकडे बघत होती, माना खाली न घालता. मला ज्याची इतकी हौस होती ते मिळाले आणि मला भिंतीत शिरावेसे वाटले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वर बघितले. पाठीला पाठ लावून उभे असलेले ते तीन आणि सहा बघितले, मग भावाकडे बघितले.

"जातानासुद्धा, दादा?" त्या म्हणाल्या. "मला पोचवायचं गीत लावलंस?"

त्यांनी पेटीचा भाता बंद केला आणि पिशवी उचलली.

मामा उठले. चिठ्ठी त्यांच्या खिशात होती. चिठ्ठीतला आकडाच नीट लिहिलेला नव्हता, एवढे म्हटले असते तरी भागले असते. कुणी तपासायला येणार नव्हते, मामांचे कधी कुणी तपासलेच नव्हते. त्यांनी चिठ्ठी बाहेर काढली, डोळ्यांजवळ धरली आणि उलगडून पाळकसाहेबांना दिली.

"चिठ्ठीत त्रेसष्टच आहे," ते म्हणाले. "मी चुकलो."

लोकांना वाटले, आता बसतील. मामा बसले नाहीत. ज्या माणसाचा प्रार्थनेत एक शब्द अडत नव्हता, त्याला पुढचे वाक्य काही केल्या सापडेना.

"चिमणे, आईच्या... त्या वेळी पण. ते पत्रक. ओळ सुटली गं माझी. गाळली नव्हती मी तुला. देवाशपथ नव्हती गाळली. माझ्याच्यानं म्हणवलं नाही."

बाई तशाच पिशवी धरून उभ्या. "अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं."

"अरे, चूक झाली एवढंच म्हणायचं होतंस! मी भांडले असते, रडले असते आणि संध्याकाळी तुझ्याकडे जेवायला आले असते."

मामांनी मान हलवली. मग बाईंनी पिशवी खाली ठेवली. त्या पेटीकडे परत गेल्या नाहीत. भावाच्या कोपराला धरून त्या मेजाकडे चालू लागल्या, आणि त्यांच्या मागे एकेक करून सगळी मंडळी निघाली. वाजवणारे कुणी नव्हते. नुसता चपलांचा आवाज, खोकल्याचा आवाज, कुणाच्या तरी नाक ओढण्याचा आवाज. बाईंनी अकरा वर्षांनी भाकर हातात घेतली. माझ्यावर चुकीचा आकडा शेवटपर्यंत तसाच होता. तो कुणीही बदलला नाही.

यानंतर सगळे गोड झाले, असे सांगायला मला आवडले असते. पुढच्या शनिवारी मामा एकटेच आले, बाकावर बसले आणि प्रार्थना करू लागले. ही प्रार्थना पाठ केलेली नव्हती. "देवा, काय सांगू, म्हणजे, ते आपलं..." अशी तिची सुरुवात होती. त्यातून मला कळले की बाई गुरुवारी गेल्या. बाईंचा एक कान पूर्ण गेला होता आणि दुसरा जायच्या वाटेवर होता. मामांना हे ठाऊकच नव्हते. "फोनवर तिला माझं काही ऐकू येणार नाही," ते देवाला म्हणाले, "आणि माझ्या डोळ्यांना आता पत्र लिहवत नाही." आम्ही दोघे इतके जवळ असून मला त्यांच्यासाठी काहीच करता आले नाही.

पुढे चार वर्षे त्यांनी माझ्यावर आकडे लावले. पण एक फरक पडला. आकडे लावून झाले की जो कुणी लवकर आलेला असेल त्याला ते हाक मारायचे, "जरा बघता का, बरोबर आहे का?" कधी चुकलेले असायचे. मग मामा हसून म्हणायचे, "चुकलं हं," आणि बदलायचे. कुणी वचन सांगताना अडखळला तर आता ते दुरुस्त करत नसत, वाट बघत. शुद्ध हा शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. आणि मला विचाराल, तर मामा विश्वासात वाढले ते याच चार वर्षांत. आधीची चाळीस वर्षे ते नुसते जुने होत होते.

ते गेले. मग भिंतीवर पडदा आला, त्यावर गीताचे शब्द आपोआप उमटतात. मला उतरवून मागच्या खोलीत ठेवले, तुटक्या खुर्च्या आणि एका बादलीच्या सोबतीला. इथे कुणी दोन क्षणही मान वर करून बघत नाही. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण मला पुन्हा वर टांगा, असे मी म्हणणार नाही. पडद्यावरची अक्षरे मोठी आहेत, म्हाताऱ्यांना बरी दिसतात.

माझे मागणे वेगळे आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाचे कुणाला 'माझे चुकले' म्हणायचे राहिले असेल. ते बरोबर शब्दांत यायची वाट बघू नका, अडखळत म्हणा, पण आज म्हणा. खिळेमामांजवळ अकरा वर्षे होती. त्यांच्या वाट्याला रविवार ते गुरुवार एवढेच दिवस आले, आणि गुरुवार तर सामान बांधण्यातच गेला.