चाळीस, डावा खांदा उतरता

मी मृत्युपत्रं करणारी वकील. लोक मला अगदी शेवटी बोलावतात, आणि तेही कुजबुजत. त्यामुळे टेलरमावशी स्वतः दोन जिने चढून ऑफिसात आल्या आणि खणखणीत आवाजात "मृत्युपत्र करायचंय, उगाच पुढं ढकलण्यात अर्थ नाही" म्हणाल्या, तेव्हाच त्या मला आवडल्या. वय एक्याऐंशी. घर स्वतःच्या शिलाईवर बांधलेलं, खाली दुकान, वर राहायच्या खोल्या. दुकान धाकट्या मुलीला द्यायचं, कारण ती पंधरा वर्षं त्यांच्या शेजारच्या मशीनवर बसते. वरच्या खोल्या थोरल्या मुलाला. आपण असेपर्यंत मात्र सगळं आपलं. इतकं सरळ मृत्युपत्र माझ्याकडे वर्षातून एखादंच येतं.

कागद सहीला तयार झाला आणि दोनच दिवसांत कोर्टाची नोटीस आली. थोरल्यानं अर्ज केला होता की आईचं डोकं ठिकाणावर नाही, तिचा आणि तिच्या मालमत्तेचा पालक म्हणून मला नेमा. त्याला अख्खं घर विकायचं होतं. आईसाठी त्यानं वृद्धाश्रमही बघून ठेवला होता, लिफ्टवाला! अर्ज मंजूर झाला असता तर मावशींची सही म्हणजे नुसती रेघोटी. कुठं राहायचं हेसुद्धा त्यांना कुणी विचारलं नसतं.

अर्जाला डॉक्टरांचा दाखला जोडला होता. तो वाचून माझंच डोकं फिरायची वेळ आली. मुलाकडे बोट दाखवून 'हे कोण?' असं विचारल्यावर मावशी म्हणाल्या होत्या, 'चाळीस, डावा खांदा उतरता.' मुलीबद्दल, 'छत्तीस, हात लांब.' खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, जवळच्या माणसांची ओळख राहिलेली नाही.

"मावशी, हे काय करून बसलात?"

"काय केलं? बरोबरच सांगितलं. वाटल्यास टेप लाव."

साठ वर्षं त्यांनी माणसं अशीच, छातीच्या मापावरून, लक्षात ठेवली होती. मला पहिल्या दिवसापासून चौतीस म्हणायच्या. मी बत्तीस सांगून पाहिलं, तर नुसत्या हसल्या. पण हे न्यायाधीशांच्या गळी कसं उतरवायचं? मला खरोखर भीती वाटत होती. सुनावणीच्या आदल्या दिवशी मी त्यांना तीनतीनदा बजावलं, उद्या नावं सांगायची, आकडे नाहीत. "बघू," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी थोरल्याच्या वकिलांनी तोच प्रश्न विचारला. आवाजात नुसता मध.

"आजी, हे समोर बसलेले गृहस्थ कोण?"

"चाळीस," मावशी म्हणाल्या. "डावा खांदा उतरता."

मी कपाळाला हात लावला. वकीलसाहेब विजयी मुद्रेनं न्यायाधीशांकडे वळले. "साहेब, आणखी काय पुरावा हवा?"

"आणि तुम्ही चव्वेचाळीस," मावशींचं चालूच होतं. "पण कोट बेचाळीसचा घातलाय. म्हणून मघापासून बटणाशी झटापट चाललीय."

सगळे हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी वकिलांना कोटाच्या आतलं लेबल वाचायला सांगितलं. वकिलांनी कोट काढला, लेबल पाहिलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "बेचाळीस."

मग न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, "आजी, मुलाचं नाव आठवतं का?"

मावशींनी नाव सांगितलं. जन्मतारीख, वार, शाळा, नोकरीचा पहिला दिवस, सगळं. मुलीचंही तसंच, न अडखळता.

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी नाव विचारलंच नाही, साहेब. 'हे कोण' असं विचारलं. याच्या वर्गात याच नावाची तीन मुलं होती, पण असा खांदा याचा एकट्याचा. लहानपणी पडला होता. तेव्हापासून याच्या प्रत्येक शर्टाला डावीकडे आतून पट्टी लावते मी, चारचौघांत उतरता दिसू नये म्हणून. त्याला स्वतःलाही ठाऊक नाही. नाव काय, एकदाच ठेवलं. नंतर नावं ठेवायला लोक असतात, मी कधी ठेवली नाहीत."

थोरल्याचा हात आपोआप डाव्या खांद्याकडे गेला. तिथं शिवणीत बोटानं काहीतरी चाचपलं, आणि त्याचा चेहरा पार उतरला. मला त्याची दया आली असती, पण मी फार खुशीत होते.

न्यायाधीशांनी पुढं नेमके प्रश्न विचारले. तुमच्या नावावर काय आहे? तुमची माणसं कोण? कुणाला काय देताय, आणि का? एकेक उत्तर मापात बेतलेलं आलं.

"वृद्धाश्रमात का नको?"

"मशीनवर बसले की मला माझं वय आठवत नाही, साहेब. एवढंच काय ते विसरते."

आता मात्र न्यायाधीशही हसले. अर्ज फेटाळला. बाईंना आपल्या मालमत्तेची, माणसांची आणि इच्छेची पूर्ण जाण आहे, असं त्यांनी सावकाश लिहून घ्यायला सांगितलं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. कसंबसं स्वतःला आवरलं.

मावशी मात्र थांबायला तयार नव्हत्या. "कागद आणलायस ना?" आणलाच होता. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी प्रत्येक पानावर ठसठशीत सही केली. कोर्टाचा शिपाई आणि टायपिस्टबाई आनंदानं साक्षीदार झाले. शेवटच्या सहीनंतर धाकटी आईच्या गळ्यात पडून रडली, आणि सांगायला हरकत नाही, मीही.

थोरला जरा लांब उभा होता. मग जवळ आला. "आई," तो खाली बघत म्हणाला, "घरी येऊ का?"

मावशींनी पेनाला टोपण लावलं.

"ये की. वरच्या खोल्या तुझ्याच आहेत, आत्ताच सही केली. पण माझ्या मागं. तोवर बेल वाजवून यायचं. दार उघडायला मी आहे अजून."