काल्याच्या मागणीची पेटी

मी पायपेटी बोलतेय. बोलतेय म्हणायचं एवढंच. भाता उंदरांनी कुरतडला तेव्हापासून माझ्यात वारा ठरत नाही, आणि वाऱ्यावाचून पेटी म्हणजे चार पायांचं लाकूड. गोव्यात डिचोली महालातल्या नदीकाठच्या एका देवळात, जुन्या समया आणि मोडक्या पालखीच्या खोलीत मी उभी आहे. कोणी आत आलंच तर माझ्यावर नारळांची पोती ठेवायला येतं.

माझं लाकूड कुडाळच्या सुताराने कापलं, सूर लांब गुजरातेतून आले. पेडण्याच्या एका दशावतारी मंडळीच्या मालकाने मला घेतलं आणि पहिल्याच दिवशी माझ्यावर फुलं वाहून मला घरच्या सुनेसारखं वागवलं. म्हणजे मान दिला आणि मरेस्तोवर राबवलं. पुढे त्याचा मुलगा सखाराम मालक झाला. मला वाजवायचे भिवाबुवा. पायाने भाता मारायचे, हाताने सूर धरायचे आणि तोंडाने पान चघळायचे. तिन्ही कामं एका लयीत चालायची.

दशावतारात लिहिलेलं काही नसतं. आत रंगपटात मालक कथा सांगतो, राजा हा, राक्षस तो, आणि बाहेर येऊन जो तो आपापल्या पोटातून बोलतो. आमच्या मंडळीची त्यावरही कडी होती. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, काल्याच्या दुपारी, दहीहंडी फुटली की मागणीचा खेळ व्हायचा. समोरच्या माणसांतून कोणीतरी उठून विषय द्यायचा. सखाराम माझ्यावर हात ठेवून म्हणायचा, 'मागणी पदरात घेतली.' एकदा घेतली की परत करायची नाही. खेळ चालू असताना कोणी शब्द टाकला, तर तोही उचलायचा. आणि शेवट गोड करायचा, कारण देवाच्या दारातून माणूस रडत घरी जाऊ नये.

लोक काय काय मागत! एकाने आपल्या हरवलेल्या म्हशीचा खेळ मागितला, तर सखारामाने म्हैस थेट इंद्राच्या दरबारात नेऊन बांधली. एकाने आळशी जावई मागितला. जावई पुढ्यातच बसला होता, तो तोंड लपवून पळाला. सखारामाकडे एक हातोटी होती. तो गर्दीतला एक चेहरा हेरायचा आणि सगळा खेळ त्या चेहऱ्याशी बोलायचा. ही बापाची शिकवण. माझ्या मते त्या घराण्याची सगळी पुण्याई त्या हातोटीत होती, आणि सगळं पापही तिच्यातच निघालं.

राजभाषेवरून गोव्यात रस्ते बंद पडत होते, त्या वर्षाची गोष्ट. गाड्या नव्हत्या, म्हणून मला डोक्यावरून या गावात आणलं. मराठी की कोंकणी यावर वाटेत आमच्याच मंडळीत दोनदा अबोला झाला. मला त्याचं हसू येई. मुकुट घातला की ही माणसं ग्रंथातली मराठी बोलत, आणि मुकुट काढून चहा मागताना आपल्या घरची बोली. देवाची भाषा वेगळी, माणसाची वेगळी, हे तिथे पोराटोरांनाही ठाऊक होतं.

त्या दुपारी प्रभावती उठली. पन्नाशीची, काटक बाई. शेजारी तिची सून ज्योती. प्रभावतीचा एकुलता मुलगा बाबाजी खनिजाच्या बार्जवर खलाशी होता. पावसाच्या तोंडावर मुरगावला माल पोचवून परतताना, नदीच्या मुखाशी लाटेने त्याला बार्जवरून नेलं. प्रेत मिळालं नव्हतं.

"माझो झील पाण्यात गेलो," ती म्हणाली. "तो परत येता, असो खेळ दाखवा."

भिवाबुवांचा पाय भात्यावर थबकला. पण सखारामाने माझ्यावर हात ठेवला आणि मागणी पदरात घेतली.

काय रंगला तो खेळ! नदीच्या डोहातला असुर मुलाला गिळतो, आई धावा करते, नारायण येतो. नारायण अर्थात सखारामच. बाया मध्येच उठून त्याच्या पायांवर डोकं ठेवत होत्या, कारण मुकुट चढला की तो सखाराम नसतो, देव असतो. असुर मेला, मुलगा झालेला नट पडद्याआडून धावत आला, आईच्या गळ्यात पडला. इथे थांबायला हवं होतं. पण सखाराम भरात होता, आणि त्याने चेहरा हेरला होता. रंगमंचावरच्या आईकडे पाठ करून तो प्रभावतीसमोर गेला आणि हात उंचावून म्हणाला, "माते, धीर धर. तुझा पुत्र तुझ्या उंबरठ्यावर उभा राहील."

ती मान खाली घालून ते वाक्य प्रसादासारखं घेऊन गेली.

पुढचं आम्हाला ज्योतीकडून कळलं. ती पेडण्याला सखारामाच्या घरी आली आणि ओटीवर, माझ्याच शेजारी बसली. तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी, चेहरा पार सुकलेला. भटजींनी सांगितलं होतं की देह नसला तरी दर्भाचा पुतळा करून क्रिया करता येते. प्रभावती ऐकत नव्हती. देवाने स्वतः तोंडाने सांगितलंय, म्हणायची. रोज बाबाजीचं ताट वाढलं जाई, रात्री दार उघडं राही. बांद्याहून ज्योतीचे भाऊ तिला न्यायला आले, तर सासूने विचारलं, नवरा येईल तेव्हा घरात कोण असेल? ज्योती ना सवाष्ण राहिली होती ना विधवा. तिला मोकळं व्हायचं होतं, एवढंच तिचं मागणं होतं.

ते ऐकून सखाराम एकदा प्रभावतीला समजवायला जाऊनही आला. तिने त्याला चहा दिला, पण ऐकून काही घेतलं नाही. तो निघाला तेव्हा ज्योती त्याला म्हणाली, "तुमी त्येका परत हाडलात. आता तुमीच त्येका पोचवा."

सखारामाने ते मान्य केलं. देवाने दिलेला शब्द देवानेच परत घ्यायचा, असं भिवाबुवांशी ठरलं. मधल्या काळात गोवा राज्य झालं, फटाके वाजले. सखारामाचं लक्ष कशातच नव्हतं. मला पुसता पुसता तो शब्द परत घ्यायची वाक्यं पुटपुटायचा. जन्मात कधी पाठांतर न केलेला माणूस पाठांतर करत होता. मला त्याची फार दया यायची.

पुढच्या वर्षीच्या काल्याची दुपार आली. प्रभावती उठली आणि म्हणाली, "गेल्या वर्सा अर्धो ऱ्हवलेलो खेळ पुरो करा." सखारामाने मागणी घेतली. मुकुट घालून तो सरळ तिच्यापुढे उभा राहिला. शब्द स्पष्ट होते. "माते, तुझा पुत्र आता येणार नाही. नदीने त्याला माझ्या स्वाधीन केलं. त्याची क्रिया कर. सुनेला मोकळी कर."

प्रभावतीने देवाकडे पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू ढासळला, आणि तिने हात पुढे करून ज्योतीचा हात धरला. वर्षभरात पहिल्यांदा ती रडत होती. मला वाटलं, सुटल्या दोघी.

तेवढ्यात मागून देवळाचे एक म्हातारे महाजन उठले. भला माणूस, डोळ्यांना धार लागलेली. "नारायणा, असां करू नको," ते हात जोडून म्हणाले. "त्येका माघारी हाड." मग दुसरा उठला, तिसरा उठला. बाया पदर पसरू लागल्या. मुलाला माघारी आण म्हणून अख्खा मांडव एका आईसाठी देवाची विनवणी करत होता. शब्द टाकला की उचलायचा, ही आमचीच रीत. सखारामाने नाही म्हणायला तोंड उघडलं, पण पडद्याआड मुलाचा वेश करून बसलेल्या नटाला ठरलेलं काय ठाऊक! त्याने लोकांची मागणी ऐकली आणि सवयीने धावत बाहेर आला. भिवाबुवांचे हातही सवयीने आनंदाच्या चालीवर गेले. टाळ्यांनी मांडव दणाणला. प्रभावतीने ज्योतीचा हात सोडला आणि दोन्ही हात जोडले.

तेव्हा सखारामाने कधी कोणी केलं नाही ते केलं. भर खेळात मुकुट काढला, माझ्यावर ठेवला आणि तिच्यापुढे गुडघे टेकले.

"काकी, मी सखाराम. तुमचो झील गेलो. तो काय आता येवचो नाय."

प्रभावतीने डोळे पुसले आणि त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

"तू खंयचो कोण? तुका कोणी इचारलां? मुकुट घाल आणि देवाक बोलूक दी."

सखाराम उठला तो चालू लागला. मला न्यायलाही थांबला नाही. त्यानंतर त्याने तोंडाला रंग लावला नाही, आणि मंडळीही विस्कटली. मी इथेच राहिले.

प्रभावती वाट बघतच गेली. भाऊ पुन्हा न्यायला आले, पण तोवर ज्योतीला त्या घराबाहेरचं काही उरलं नव्हतं. आता तिचे केस पांढरे झालेत. कुंकू अजून ठसठशीत लावते. परवा देवळात झाडू मारायला आली, तेव्हा पुजाऱ्याने तिला विचारलं, एकटीच असतेस, दाराला कडी का घालत नाहीस? ती साधेपणाने म्हणाली, "आये गेली. आता दार उघडां मीच ठेवतंय."

हे ऐकून माझ्यात उरलासुरला वाराही निघून गेला. सुटका मागायला आलेली ही मुलगी! तिलाही अखेर देवाचंच खरं वाटलं.

आणि आता शहरातून काही हौशी मंडळी आली आहेत. चांगली माणसं आहेत. त्यांनी माझी धूळ पुसली, फोटो काढले. भाता नवा बसवणार, सूर लावणार, आणि येत्या काल्याला मागणीचा खेळ पुन्हा सुरू करणार. गावाला आनंद झालाय. ज्योतीलाही कोणीतरी सांगितलं. त्या दिवसापासून ती रोज येते आणि भाता आला का, असं पुजाऱ्याला विचारते.

बाबांनो, हात जोडायला मला हात नाहीत. मला चुलीत घाला, नदीत सोडा, पण माझ्यात वारा भरू नका. पहिली मागणी घालायला कोण उठणार, हे मला ठाऊक आहे.