पुन्हा झेंडूपासून

"निघाली वरात परत वेशीपासून," म्हणत योगेशनं खुर्ची मागं सरकवली आणि तो चहा आणायला गेला.

सुवर्णाच्या पडद्यावर फाइलींची नावं धावत होती. अंबडच्या त्या लहानशा कंपनीत द्राक्षांच्या शीतगृहांसाठी कंट्रोलर बनत. त्यांच्यातल्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, बांधून द्यायचं काम या दोघांकडं. तिनं बदललेली ओळ एकच, शीतगृहाचा पंखा चालवणारी. तेवढा तुकडा नव्यानं करून बाकीचे तयार तुकडे जोडले की झालं. पण दरवेळी सगळा गाभाच पहिल्यापासून बांधला जाई, आणि त्यात दिवस कलून जाई.

घरी, पंचवटीत, तिचे वडील, अण्णा, वाट बघत असायचे. मखमलाबादच्या मळ्यातली फुलं जन्मभर बाजारात विकलेले भिमाजीअण्णा; त्यांची आरोळी नदीपलीकडं ऐकू जायची. अर्धांगाच्या झटक्यानं तीच वाचा गेली. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, दिवेलागणीपर्यंत जीभ ताजी असते, पुढं दमते. म्हणून सुवर्णा धावतपळत जाई आणि त्यांच्याकडून नावं म्हणवून घेई. झेंडू, शेवंती, मोगरा, निशिगंध, आणि सगळ्यांत शेवटी तिचं स्वतःचं नाव, सुवर्णा. ते अजून एकदाही आलं नव्हतं. निशिगंधापाशीच अण्णांची मान कलंडे. दुसऱ्या दिवशी पुन्हा झेंडूपासून.

आज डबा न उघडता ती कारण शोधत बसली. सापडलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. बांधणी लावण्याआधी योगेश मूळ फाइल उघडून तिच्या माथ्यावर ताजी तारीख-वेळ टाकी, बोहनीआधी तराजूला हात लावून तो कपाळी न्यावा तशी. त्या फाइलीच्या तोंडाकडं बाकी साऱ्या बघत. ती बदलली की संगणकाला वाटे, सगळंच शिळं झालं.

इथं आधी असलेल्या सरांनीच ती सवय लावली होती, योगेश म्हणाला. मग ओशाळून त्यानं कप खाली ठेवला. "म्हणजे ताई, इतके दिवस मीच घोळ घालत होतो?"

"मी तरी कुठं बघितलं रे?"

तारीख तिनं एका कोपऱ्यातल्या फाइलीत हलवली आणि पुन्हा बांधणी लावली. योगेशनं चहात बुडवलेलं बिस्कीट मऊ पडायच्या आत काम संपलं. त्याचा विश्वास बसेना. टेबलावरच्या कंट्रोलरला जोडलेला पंखा फिरायला लागला तेव्हा बसला.

रिक्षा गोदावरीच्या पुलावर आली, तेव्हा ऊन अजून पाण्यावर होतं. गजरे ओवताना आई, रंगूबाई, म्हणायची ते तिला आठवलं. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

फूल निसटलं एक, माळ सारी का उसवू
तुटल्या जागी गं बाई, गाठ एकच बसवू

तिला बघताच अण्णांनी सवयीनं ओठ हलवले. "झें…"

तिनं त्यांचा हात हातात घेतला. "झेंडू येतो तुम्हाला, अण्णा. शेवंतीपण येते. काही निसटेल म्हणून मीच भीत होते. आज तुम्हाला हवं ते बोला."

अण्णा बघत राहिले.

"सु," ते म्हणाले. मग, शब्द जड पाटीसारखा उचलत, "जेव…लीस?"

सुवर्णानं पिशवीतून सकाळचा डबा काढला. गार पोळी मोडली, आणि त्यांना नीट दिसेल अशी समोर बसून ती जेवू लागली.