आडवं बोअर

जाईबाईने पोहरा वर ओढला, काठावर टेकवला आणि पाण्याला नाक लावलं. सहा दिवस रोज सकाळी ती हेच करत होती, आणि सहाही दिवस वास होताच. ओल्या रस्त्यावर ट्रकखाली दिसतो तसा रंगीत तवंग पाण्यावर हलत होता. तिने ते पाणी परत विहिरीत ओतलं नाही. लांब नेऊन टाकलं आणि पदराला हात पुसत बसली.

रस्त्यापलीकडे सोसायटीचा डिझेल पंप होता. सहकाराच्या भराच्या काळात तिथं ट्रॅक्टरची रांग लागायची. पुढे सोसायटी बुडाली, पंप बंद पडला आणि जमिनीतली टाकी जागच्या जागी सडली. आता तिथं दोन पुरुष खोल खड्डा होता. काळी पडलेली माती प्लास्टिकवर पसरली होती, आणि माती-पाणी तपासायला शहरातून आलेल्या पाटोळे मॅडम हातात वही घेऊन उन्हात फिरत होत्या.

मॅडमचं कोडं एकच होतं. जमिनीचा उतार ओढ्याकडे, म्हणजे डिझेल झिरपलं तर तिकडे जायला हवं. जाईबाईची विहीर तर माळाच्या अंगाला, वर. तिथं ते पोचलं कसं? वाट सापडेपर्यंत गावातल्या पाचही विहिरींचं पाणी प्यायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. सोसायटीचा जुना राखणदार मुंजाजी याने बाकीच्या चार विहिरींवर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या. टँकर चार दिवसांआड यायचा, तोही आला तर. अजून अख्खा वैशाख जायचा होता.

वाट जाईबाईला ठाऊक होती.

दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला गेली, वस्ती ओस पडली, तेव्हा तिने नगरकडच्या बोअरवाल्यांना बोलावलं होतं. विहिरीच्या पोटात चाळीस फुटांवर आडवं बोअर मारायचं होतं. ओल उगवतीला आहे, पण तिकडे सोसायटीची जागा लागते, असं ते म्हणाले. मारा, म्हणाली ही. शंभर फूट आत, थेट पंपाच्या बुडाखाली. गावात कुणी विचारलं तर गाळ काढतेय म्हणून सांगितलं. पाणी चढलं, बोअरचं तोंड पाण्याखाली गेलं आणि गोष्ट तिथंच मिटली.

संक्रांतीनंतर गावच्या विहिरी तळाला गेल्या, आणि एका सकाळी केशरबाई घागर घेऊन दारात उभी राहिली. केशरबाई म्हणजे गावातली बारा एकरांची मालकीण. चाळीस वर्षांत तिने बौद्धवाड्यात पाऊल टाकलं नव्हतं. जाईबाई तिच्या रानात खुरपायला जायची तेव्हा पाणी वरून ओंजळीत पडायचं. तीच बाई आता ओट्यावर टेकून बशीत चहा ओतायची आणि म्हणायची, तुझ्या आश्रुबाची पुण्याई गं, म्हणून झरा फुटला. आश्रुबा जाईबाईचा नवरा, जाऊन सहा वर्षं झालेली. जाईबाई नुसती मान हलवायची. ऐकायला गोड वाटायचं, लई गोड. आता त्याचीच लाज वाटत होती.

सांगितलं तर दुसऱ्याच्या जमिनीखालचं पाणी चोरलं आणि वर गावाला डिझेल पाजलं, असं होणार. परवापासून केशरबाईची नात पोट धरून पडली होती. ते पाण्याने की उन्हाने, डॉक्टरलाही सांगता येईना, पण जाईबाईचं काळीज तेव्हापासून ठिकाणावर नव्हतं. आणि नाही सांगितलं तर चार विहिरींवर काटे. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. हिला दोन्हीकडे विहीरच होती.

दुपारी टँकर आला. जन्मात कधी रांगेत उभी न राहिलेली केशरबाई पाइप धरायला धावली, घसरली आणि भरलेली घागर मातीत लवंडली. त्याच वेळी मुंजाजी सांगत होता की ओढ्याकडे आणखी दहा चर खणणार, तीन आठवडे जाणार. जाईबाईने रस्ता ओलांडला. मॅडमना बाजूला घेऊन सांगता आलं असतं, पण ते तिला सुचलंच नाही.

"मॅडम, चर खांदू नका. वाट मला ठावं हाय."

मग तिने सगळं सांगितलं. कधी मारलं, किती फूट, कुठल्या अंगाला.

"टाकी त्याच्या कितीतरी आधी फुटलीय, मावशी," मॅडम म्हणाल्या. "ती तुम्ही फोडली नाही. तिच्यापर्यंत नळी तेवढी नेलीत."

"मग बुजवा ती."

मॅडमनी मान हलवली. उलट हे बरंच झालं म्हणाल्या. जमिनीतलं डिझेल आपणहून या विहिरीकडे ओढलं जातंय, तर इथूनच उपसायचं. मोटार दिवसरात्र चालेल, वर्ष, कदाचित दोन वर्षं. बाकीच्या विहिरी वाचतील. ही एकच जाईल.

केशरबाईने रिकामी घागर उचलली आणि घरची वाट धरली.

आठ दिवसांत चारही विहिरींचं पाणी तपासून आलं, स्वच्छ निघालं. मुंजाजीने काटे काढले. केशरबाईची नात उठून खेळायला लागली. आणि तसल्या दुष्काळात जाईबाईच्या विहिरीतून मनगटाएवढी धार अखंड पडू लागली, गाळणीच्या बंद टाकीत. बाजूला लाल अक्षरांची पाटी होती, हे पाणी पिऊ नये. जाईबाईने दोन दिवस शेजारणीकडून तांब्या-तांब्या मागून काढले. तिसऱ्या दिवशी घागर घेऊन ती केशरबाईच्या विहिरीवर गेली.

केशरबाई पाणी ओढत होती. जाईबाईने घागर खाली ठेवली आणि चार हात मागे सरकून थांबली, तिची आई थांबायची तशी. भरलेला पोहरा काठावर आला. आता ही वरून ओतणार, असं वाटून तिने मान खाली घातली.

"तीन महिने मला पुण्याई पुण्याई म्हनू दिलंस," केशरबाई म्हणाली. "कावून गं?"

जाईबाईला खोटं सुचलं नाही.

"तुमी यायला लागलता म्हून."

केशरबाईने पोहरा स्वतःच्या घागरीत रिता केला, दोन पावलं चालून आली आणि दोर जाईबाईच्या हातात दिला.

"वढ आता. माजे खांदे गेले."

जाईबाईने पोहरा सोडला. दोर सरत राहिला, सरत राहिला, तेव्हा कुठं पोहरा पाण्याला लागला. ओढून वर घेतल्यावर तिने सवयीने त्याला नाक लावलं. केशरबाई तिच्या तोंडाकडे बघत होती.

"गाळाचा हाय," जाईबाई म्हणाली. "निस्ता गाळाचा वास हाय."