पाटीवरचे अकरा नियम

"आठवा," फौजदारीणबाईंनी मांडीवरच्या पाटीवर बोट खाली सरकवलं. "नळ गळायला लागला तर त्याच दिवशी सांगायचं, भिंत ओली झाल्यावर नाही. नववा. पाहुणा तीन दिवस. चौथ्या दिवशी तो पाहुणा नाही, दुसरा भाडेकरू. आणि मी खोली एकालाच दिलेली असते."

समोरच्या खुर्चीतला माणूस मुकाट ऐकत होता. पन्नाशीचा, एकटा, बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारा. तो मधूनच पाटीकडे बघत होता, मग बाईंच्या तोंडाकडे, मग परत पाटीकडे.

"पुढचे दोन ऐकायचेत, की पुरे झालं?"

"ऐकतो ना. वाचा तुम्ही."

बाईंना बरं वाटलं. आधीचे लोक सहाव्या नियमालाच चुळबुळ करायला लागायचे.

फौजदारीण हे गल्लीने ठेवलेलं नाव. नवरा साधा सुतार. पण तीस वर्षं वरच्या खोलीतले भाडेकरू बाईंनी असे काही धाकात ठेवले होते की लोकांना दुसरं नाव सुचलंच नाही, आणि बाईंनीही ते मानाने मिरवलं. शाळा जेमतेम चार इयत्ता. तरी पाटी त्या स्वतःच वाचून दाखवायच्या, दुसऱ्याच्या हातात देत नसत. घर बांधून झाल्यावर उरलेल्या फळीवर नवऱ्याने निळ्या रंगात ती लिहिली होती. बाईंनी सांगायचं, त्याने लिहायचं. पहिलाच नियम, भिंतीला खिळा मारायचा नाही. तेव्हा तो ब्रश हातात धरून म्हणाला होता, "अगं, मी सुतार. माझ्याच घरात खिळा नाही?" ती म्हणाली होती, "तू लाकडाला मार." त्याला जाऊन बारा वर्षं झाली. पाटी मात्र दर शनिवारी ओल्या फडक्याने पुसली जायची. एक शनिवार चुकला नव्हता.

"तर हे असं आहे," बाई म्हणाल्या. "झेपत असेल तर राहा."

"झेपेल. मला पाणी मिळेल जरा?"

बाई उठल्या. दोन पावलं टेबलापर्यंत, डाव्या हाताला जग, उजव्या हाताला ग्लास. ग्लासाच्या कडेवरून बोट आत घालून त्यांनी पाणी ओतलं आणि बोटाला ओल लागल्याबरोबर थांबल्या. माणसाने ग्लास घेतला, बोट बुडालेलं पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

या खेपेला भाडेकरू टिकायलाच हवा होता. आधीचं जोडपं दोन महिन्यांत गेलं होतं आणि जाताना थेट बाईंच्या लेकाकडे गाऱ्हाणं घेऊन गेलं. तुमच्या आई शेजारून जातात आणि ओळख देत नाहीत, वर विचारतात, कोण ते. लेक दुसऱ्या रविवारी आला तो ठरवूनच.

"आई, हा शेवटचा भाडेकरू. याचीही काही तक्रार आली, तर घराला कुलूप. तू आमच्याकडे. खिडकीपाशी तुझा पलंग टाकतो."

लेक वाईट नव्हता. पण त्याचं घर सातव्या मजल्यावर, आणि तिथली प्रत्येक गोष्ट सुनेच्या हाताच्या सवयीने ठेवलेली. या घरातली दाराची कडी, जिन्याच्या चौदा पायऱ्या, न्हाणीतला उंबरठा, सगळं बाईंच्या तळव्यांना पाठ होतं. दोन वर्षांपासून डोळ्यांपुढे कुणी पातळ दूध सांडून ठेवल्यासारखं झालं होतं आणि ते दिवसेंदिवस आटून घट्ट होत होतं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की कुलूप आलं.

चष्मेवाला राहायला आला. बाई त्याला कानांनी पारखू लागल्या. सकाळी तो जिना उतरायचा तो चपला हातात घेऊन. भांडं पडलं तर वरूनच "पडलं हो" असं सांगायचा. आठव्या दिवशी नळ गळू लागला, तर त्याच दिवशी खाली येऊन बोलला. बाई मनातल्या मनात त्याला मार्क देत होत्या, पण तोंडावर म्हणाल्या, "एवढं काय, नियमच आहे तो."

तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "मालकीणबाई, पायऱ्यांच्या कडांना पांढरा पट्टा ओढू का? माझा पाय चुकतो."

पाय कुणाचा चुकतो हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. आदल्याच दिवशी त्या गच्चीवरून उतरताना शेवटच्या पायरीला अडखळल्या होत्या.

"माझा जिना तीस वर्षं बिनपट्ट्याचा आहे. पाय चुकत असेल तर चष्मा लावा. दुकान तुमचंच."

तो हसला. पट्टा काही ओढला नाही. पण बाईंचा जीव त्या दिवसापासून टांगणीला लागला. या माणसाचं कामच डोळ्यांचं. याच्यापासून काय लपणार?

रविवारी लेक आला. बाईंनी त्याला चहा दिला, कप बरोबर त्याच्यापुढे ठेवला, कारण तो नेहमी त्याच खुर्चीत बसायचा. चहा संपवून तो म्हणाला, "वर जाऊन भेटून येतो."

बाई दाराआड उभ्या राहिल्या. जिन्यातलं बोलणं खाली स्पष्ट यायचं, नवऱ्याने जिना तसा बांधलाच होता.

"कसं वाटतंय?" लेकाचा आवाज.

"घर चांगलं आहे. नियम जरा जास्त आहेत."

"आईचं काही जाणवतं का? म्हणजे, विसरते, धडपडते?"

बाईंनी दाराची चौकट घट्ट धरली.

"विसरण्याचं म्हणाल तर अकरा नियम कानामात्रा न चुकता म्हणतात. आम्ही दुकानातले तिघं मिळून तेवढं लक्षात ठेवणार नाही."

लेक हसला. उतरताना त्याचं पाऊल हलकं झालं होतं. तो निघून गेल्यावर बाई खुर्चीत बसल्या ते किती तरी वेळ उठल्याच नाहीत.

संध्याकाळी चष्मेवाला खाली आला. न विचारता बसला.

"मी खोटं बोललो नाही," तो म्हणाला. "पण अर्धंच बोललो. पुढच्या वेळी तुमच्या लेकाने विचारलं तर पुरतं सांगेन. म्हणून त्याआधी तुम्ही माझ्याबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात चला."

"भाडेकरूने मालकिणीला हुकूम सोडायचा, हा कितवा नियम?"

"नियमांत नाही. म्हणून तर सांगतोय."

"आणि डोळे गेलेच असतील तर?"

"मला मोतीबिंदू वाटतो. वाटणं माझं, तपासणं डॉक्टरांचं. पण आमच्या दुकानात मोतीबिंदू काढलेली माणसं रोज येतात. चष्मा निवडताना आरशात बघून म्हणतात, अरे, मी एवढा म्हातारा कधी झालो?"

बाईंना हसू आलं, ते त्यांनी पदरात दाबलं. "दुकानाला सुट्टी कधी असते?" त्यांनी विचारलं.

मोतीबिंदूच निघाला. आधी एक डोळा, मग महिन्याने दुसरा. पहिल्या वेळीच लेकाला कळलं, आणि तो तडक आला. काळ्या चष्म्यातल्या आईला बघून त्याचा चेहरा पडला.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू कुलूप घेऊन आला असतास."

तो तिच्या शेजारी बसला. मग आईच्या हातातली थेंबांची बाटली घेऊन म्हणाला, "दिवसातून कितीदा घालायचे?" पुढे दर रविवारी येऊन तो थेंब घालत राहिला. कुलपाचं नाव पुन्हा निघालं नाही.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाल्यानंतरचा पहिला शनिवार. डॉक्टरांनी धुण्यापुसण्याला मनाई केल्यामुळे पहिल्या डोळ्यापासून पाटी कपाटातच होती. बाईंनी सवयीने फडकं ओलं केलं आणि पाटी उन्हात धरली.

पाटी कोरी होती.

लाकडाचे दोरे दिसत होते, एक गाठ दिसत होती, वरच्या कोपऱ्यात निळ्या रंगाचा नखाएवढा ठिपका राहिला होता. बाकी काही नाही. बाईंनी फडक्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. नवऱ्याचं अक्षर दर शनिवारी थोडं थोडं त्यांनीच पुसून काढलं होतं.

चष्मेवाला चपला हातात घेऊन जिना उतरत होता.

"इकडे ये," बाई म्हणाल्या. आज पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून एकेरी आलं. "मी वाचून दाखवली तेव्हा यावर काय होतं?"

"तेव्हाही एवढंच होतं, मावशी."

"आणि तू अकरा नियम ऐकून घेतलेस. त्या आधीचे दोघंही. कुणी बोललं नाही."

"त्यांनी पाहिलंच नसेल. मी पाहिलं. पण तुम्ही इतकं सरळ वाचत होता की मध्ये बोलवेना."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. डॉक्टरांनी डोळे ओले करायचे नाहीत असं बजावलं होतं, म्हणून लगेच काढला. मग म्हणाल्या, "रंग आण. निळा."

दुपारभर त्या वाकून बसल्या. चार इयत्तांचं अक्षर, मोठं, एकमेकांना धक्के देणारं. सगळं मावलं नाही, सहा नियमांवरच फळी संपली. त्यातही पहिला त्यांनी लिहिलाच नव्हता.

"ओळ सरळ आहे का?"

त्याने एक डोळा मिटून पाहिलं. "नाही. उजवीकडे उतरलीय."

"उतरू दे."

बाई आत गेल्या आणि नवऱ्याच्या पेटीतला हातोडा घेऊन आल्या. दांडा त्याच्या मुठीने गुळगुळीत झालेला. जिन्याच्या तोंडाशी, ऊन पोचत नाही अशा भिंतीवर त्यांनी बोट ठेवलं.

"इथे मार."

"भिंतीला?"

"मग कुठे, हवेत?"

त्याने खिळा टेकवला. बाई तीन पावलं मागे सरल्या.

"अजून थोडा खाली घे," त्या म्हणाल्या. "मला खुर्चीत बसून वाचता आलं पाहिजे."