पलीकडच्या खोलीतली खुर्ची

औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. डावीकडच्या खोलीत सर बसत, उजवीकडच्या खोलीत मॅडम. दोघं नवरा-बायको. बाहेर बाकांवर पेशंट, आणि बाकांसमोरच्या टेबलामागे नाव नोंदवून घेणाऱ्या मावशी. कोणाला कुठल्या खोलीत पाठवायचं ते मावशी ठरवत.

तसं ठरवण्यासारखं फारसं काही नसे, कारण सगळ्यांना सरच हवे असत. त्यांचा हात हलका, अशी ख्याती होती. पेशंट डोळे घट्ट मिटून "झालं का?" म्हणेपर्यंत दाढ वाटीत पडलेली असे. मॅडमकडे जात ती लहान मुलं, दात साफ करून घेणारे आणि सरांकडची गर्दी बघून कंटाळलेले लोक. यावरून घरात कधी वाद झाला नाही. सरांना तर ती वाटणी इतकी सवयीची झाली होती, की ती वाटणी आहे हेही त्यांच्या ध्यानात येत नसे.

मग मॅडम काही महिने दुसऱ्या शहरात जाऊन नवं काम शिकून आल्या, आणि पाठोपाठ त्यांच्या खोलीत मायक्रोस्कोप आला. लांब मानेचा, खुर्चीवर झुकलेला. दाताच्या आतल्या केसाएवढ्या नळ्या त्यातून पाइपाएवढ्या दिसत. त्याच्याबरोबर सगळा जबडा सर्व बाजूंनी फिरवून दाखवणारं स्कॅनचं यंत्र आलं, आणि नळीत अडकलेला कचरा कंपनाने सैल करणाऱ्या सुईसारख्या बारीक दांड्या आल्या. सर मावशींच्या देखत म्हणाले, "असू दे. हौस आहे तिची." मॅडम दांड्या एकेक करून ट्रेमध्ये लावत राहिल्या.

पहिला चटका दिला बेकरीवाल्याने. हा सरांचा जुना पेशंट, मोठ्या आवाजाचा. त्याची दाढ बघून सर म्हणाले, "हिच्यात काही राम नाही. काढून टाकू." तो "येतो उद्या" म्हणून बाहेर गेला, बाकावर मावशींशी गप्पा मारत बसला आणि त्या गप्पांच्या ओघात पलीकडच्या खोलीत शिरला. पुढे बऱ्याच दिवसांनी तो सरांच्या दारात उभा राहिला. तोंडाचा आ करून त्याने बोटाने आत दाखवलं.

"सर, हीच ती! तुम्ही काढणार होता ना? आता बदाम फोडतो हिच्यावर!"

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. सर हसले. "वा, छान," म्हणाले. पण त्या दिवशी पुढच्या पेशंटला त्यांनी तोंड नीट उघडत नाही म्हणून फटकारलं, आणि त्याच्या पुढच्याला नको इतकं उघडतो म्हणून.

तेव्हापासून सरांचे कान पलीकडे लागले. तिथून यंत्राची बारीक घरघर यायची, मधूनच मॅडमचा आवाज, "थोडं अजून... हां, बस." घाई नाही, आरडाओरडा नाही. पेशंट बाहेर पडताना हसत बाहेर पडायचे, आणि हे हसणंच सरांना झोंबायचं. त्यांच्याकडून जाणारे गाल धरून जात. "काही लोकांना दुर्बिणीशिवाय दिसत नाही," असं ते पेशंटला म्हणू लागले. तोंडात कापूस असल्यामुळे पेशंटला हो-नाही काही म्हणता येत नसे. सर ते हो समजत.

एकदा त्यांनी मुद्दाम एक अवघड पेशंट मॅडमकडे पाठवला. शिवणकाम करणारी बाई होती. दाढेवर आधी दोन ठिकाणी उपचार झालेले, हिरडी सुजलेली. ही दाढ वाचायची नाही हे सरांना पहिल्या नजरेतच कळलं होतं. "मॅडमकडे नवी साधनं आहेत, त्या करतील," असं त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं आणि आपल्या खोलीत वाट बघत बसले. बऱ्याच वेळाने मॅडम दारात आल्या.

"मुळापर्यंत चीर गेलीय. मायक्रोस्कोपखाली स्पष्ट दिसतेय. वाचणार नाही. तुम्ही काढाल का? माझ्याने तुमच्यासारखी निघणार नाही."

सरांनी दाढ काढली. नेहमीसारखीच, अलगद. बाईंनी हात जोडले. सरांना आनंदाच्या उकळ्या फुटायला हव्या होत्या, आणि थोड्या फुटल्याही. पण हात धुताना त्यांच्या मनात आलं, "माझ्याने निघणार नाही" हे वाक्य आपली बायको किती सहज बोलून गेली. आपल्याला ते उभ्या जन्मात जमलेलं नाही. मग आधीच्यापेक्षा जास्त जळजळ झाली. यंत्रं आणता येतात, पण हे कुठून आणायचं?

आणि त्याच सुमाराला त्यांची स्वतःची दाढ दुखू लागली.

वरची, उजवीकडची. तिचं रूट कॅनल त्यांच्या कॉलेजातल्या मित्राने फार पूर्वी केलं होतं. आता गरम चहा लागला की कानापर्यंत कळ जायची. सरांनी घरात चकार शब्द काढला नाही. डाव्या बाजूने जेवू लागले. गोळ्या कोटाच्या खिशात ठेवू लागले. शेवटी एका दुपारी "बँकेत जाऊन येतो" असं सांगून ते शहराच्या दुसऱ्या टोकाला मित्राच्या दवाखान्यात गेले.

मित्राने एक्स-रे उजेडासमोर धरला.

"मीच केली होती ना रे ही? एखादी नळी राहून गेली असणार. या दाढेत कधी कधी चौथी असते, अगदी आडोशाला. मला तेव्हा दिसली नाही आणि आताही दिसणार नाही."

"मग काढून टाक."

"वेडा झालास? चांगली दाढ आहे. घरी जा, बायकोला दाखव."

सरांनी खिशातली गोळी काढून तोंडात टाकली.

"अरे, मी असल्या सगळ्या केस तिच्याकडेच पाठवतो," मित्र म्हणाला. "आमच्या इकडचे अजून दोघं-तिघं पाठवतात. तुला माहीत नाही? ती बोलली नाही?"

"बोलली असेल. माझ्या लक्षात नसेल," सर म्हणाले.

ती बोलली नव्हती. परतीच्या वाटेवर दाढेपेक्षा तेच जास्त ठणकत होतं. आपल्या मित्रांनाही ती ठाऊक आहे. आणि तिने हे घरात सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर आपलं तोंड कसं झालं असतं हे तिला ठाऊक आहे.

आणखी दोन दिवस त्यांनी दाढ दाबून काढले. तिसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच ते पलीकडच्या खोलीत गेले आणि खुर्चीत बसले.

"उजवी, वरची?" मॅडमनी विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"महिनाभर डाव्या बाजूने जेवताय. मी दातांची डॉक्टर आहे, अहो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बँकेतून परत यायची वाट बघत होते."

स्कॅनमध्ये चौथी नळी सापडली, तिसरीच्या मागे दडलेली. मॅडमनी भूल दिली आणि दाढेभोवती रबरचा पडदा ताणून बसवला. आता सरांना बोलता येईना. समोरच्या स्क्रीनवर त्यांची स्वतःचीच दाढ उघडली, ताटाएवढी. तिच्या तळाशी खडूसारखा पांढुरका थर होता. त्यावर बारीक दांडी टेकली, थोडी भुकटी उडाली, परत टेकली. एवढ्या मोठ्या चित्रात हाताचा जरासा कंप भूकंपासारखा दिसला असता. पण दांडी हलत नव्हती. जायची तिथे जायची, थांबायची, मागे यायची. तासभर तसंच चाललं. मग थराखालून सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका उघडा पडला.

"ही बघा," मॅडम हळूच म्हणाल्या. "चौथी."

सर बघत होते. हलका हात. हे दोन शब्द आजवर फक्त त्यांचे होते. इतक्या वर्षांत या हाताकडे त्यांनी एकदाही नीट पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळलं.

"दुखतंय?"

त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

"मग?"

उत्तर देण्याची सोय नव्हती. मॅडमनी कापसाने त्यांचे डोळे टिपले आणि पुन्हा मायक्रोस्कोपला डोळे लावले.

काम आटपलं. सर उठून बसले. अर्धा ओठ बधिर होता.

"मघाशी पाणी का आलं?" मॅडमनी विचारलं.

"मला तुझा हेफा वाटतो."

"काय वाटतो?"

"हेफा."

"नीट बोला हो, कळत नाहीये."

सरांनी ओठ बोटाने धरून जागेवर आणला. "हेवा! हेवा वाटतो तुझा!"

बाहेर मावशींच्या हातातला फुलझाडू थांबल्याचं ऐकू आलं. मॅडमनी हातमोजे काढले.

"मला तुमचा वाटायचा," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून. पेशंट माझ्या दारात डोकावायचे आणि विचारायचे, सर नाहीत का? मी हसून सांगायचे, आहेत, पलीकडे. आणि घरी जाऊन भांडी आपटायचे."

"मला वाटायचं, तुला भांडी घासायचा कंटाळा आहे."

"म्हणून तुम्ही घासायला लागलात. तेवढा एक फायदा झाला."

"म्हणजे तू हे सगळं माझ्यावरच्या रागाने शिकलीस?"

मॅडमनी विचार केला. "सगळं नाही. सुरुवात तशी झाली. मग आवडायला लागलं."

सरांना एकदम बरं वाटलं. आपलाही कोणी इतकी वर्षं हेवा करत होतं! आणि बरं वाटलं याची लगेच लाजही वाटली. दोन्ही एकदमच वाटलं, पण बधिर ओठामुळे चेहऱ्यावर त्यातलं काहीच उमटलं नाही.

यानंतर सर एकदम शहाणे झाले असं नाही. दुपारच्या रिकाम्या वेळी ते काढलेल्या दातांवर मायक्रोस्कोपखाली हात बसवू लागले. मान अवघडायची, दांडी भलतीकडेच जायची. मॅडम "अहो, दाबू नका, नुसती टेकवा," म्हणाल्या की त्यांचा पारा चढायचा. दोनदा ते उठून निघून गेले, आणि दोन्ही वेळा परत आले.

एक दिवस निवृत्त शिक्षक आले, सरांशिवाय कोणाकडे तोंड न उघडणारे. सरांनी एक्स-रे बराच वेळ पाहिला.

"हे मला अजून येत नाही, गुरुजी," ते म्हणाले. वाक्य घशातून ओढून काढावं लागलं. "मॅडम करतील."

गुरुजी कुरकुरत पलीकडे गेले. सर आपल्या खोलीत बसून राहिले. थोड्या वेळाने पलीकडून गुरुजींच्या हसण्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत ते सरांच्या खुर्चीत कधी हसले नव्हते. तोच जुना हेवा पुन्हा जागा झाला. सर उठले, पलीकडच्या खोलीत गेले आणि मॅडमच्या मागे हाताची घडी घालून उभे राहिले.

मॅडमनी मायक्रोस्कोपवरची नजर काढली नाही. मोकळ्या हाताने स्क्रीन मात्र थोडी त्यांच्या बाजूला फिरवली.