मंगळवार, पावणेअकरा

झंस्करहून मोटरसायकलींवरून परतताना केलाँगजवळ तिघांचे फोन एकदम वाजायला लागले, तेव्हा मानसिंगरावांना हसू आलं. तीन दिवस रेंज नव्हती. मग त्यांनी पाहिलं, तर सोनिकाचे, त्यांच्या मुलीचे, एक्केचाळीस मिस्ड कॉल. त्यांनी फोन लावला. जावयाने उचलला. मानसिंगरावांची बायको विनिता मंगळवारी सकाळी पावणेअकराला गेली होती. मेंदूत रक्तस्राव. तिकडे ग्वाल्हेरला मानसिंगरावांचा पत्ता लागेना, म्हणून बुधवारी जावयानेच अग्नी दिला. फोन लागला तो दिवस गुरुवार होता.

तेरावं झाल्यावर सोनिकाने एकच विचारलं, "बाबा, त्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

"रस्त्यात. गाडी चालवत होतो."

हे खोटं होतं. बरोबर आलेल्या समरजीतच्या फोनमध्ये त्या वेळेचा फोटो होता. शिंकू ला ही खिंड उतरून ते झंस्करच्या खोऱ्यात शिरले होते आणि समोर गोंबो रांगजोन डोंगर उभा होता. फोटोत मानसिंगराव दोन्ही हात वर करून ओरडताहेत, हसताहेत. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात असे ते कधी हसले नव्हते. त्या घडीला विनिताची त्यांना आठवणसुद्धा नव्हती. हेच त्यांना सलत होतं.

वर्ष गेलं. एका संध्याकाळी इंदरगंजच्या चहाच्या टपरीवर मानसिंगराव स्वतःच म्हणाले, "पुन्हा जाऊ."

जगदेवराव त्यांचे शाळेपासूनचे दोस्त, गेल्या वर्षीही बरोबर होते. ते कप खाली ठेवून म्हणाले, "तू? गाडीला हात लावणार नाही म्हणाला होतास ना?"

"बघायचंय एकदा."

काय बघायचंय ते सांगितलं नाही. त्यांच्या मनात एक हिशेब होता. वर हवा विरळ, माणसाचं डोकं फिरतं. आपलंही फिरलं असेल. शुद्धीत पाहिलं तर निघेल एखादा साधा डोंगर. जन्म ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली गेला, रोज कोण मान वर करून बघतं? तसंच. मग सोनिकाला खरं सांगता येईल, की पोरी, मी शुद्धीवर नव्हतो गं.

मनालीत टायरमधली थोडी हवा कमी केली. दारचा गावाच्या पुढे दगडगोटे सुरू झाले. एका नाल्यावर पाणी सायलेन्सरपर्यंत आलं होतं. जगदेवरावांचा भाचा समरजीत आधी पार झाला आणि पलीकडून ओरडला, "काका, फूटरेस्टवर उभे राहा! फर्स्ट गिअर में ही रखो, मध्ये थांबू नका!"

मानसिंगराव नेमके मध्ये थांबले. पुढचं चाक दगडावरून घसरलं आणि गाडीसकट ते पाण्यात बसले. बर्फाचं पाणी. कमरेखाली पाय आहेत की नाहीत तेच कळेना.

"मुहूर्ताचं स्नान झालं!" जगदेवराव म्हणाले आणि बूट न काढताच पाण्यात उतरले. तिघांनी मिळून गाडी ओढून काढली. प्लग पुसला, दहा-बारा किका मारल्या, तेव्हा कुठे ती बोलली.

शिंकू ला ओलांडला. उतार संपला, खोरं रुंद झालं आणि एका वळणापाशी मानसिंगरावांनी गाडी बंद केली.

तो होता. सपाट खोऱ्याच्या मधोमध, एकटा, सरळ. आपला अख्खा किल्ला उचलून उभा करावा, त्यावर आणखी दोन ठेवावेत, तरी कमीच. पायथ्याशी याक चरत होते, मोहरीच्या दाण्याएवढे. एका ढगाची सावली खडकावर चढायला लागली. चढतेय, चढतेय, तरी माथा येईना. वाऱ्याचाही आवाज नव्हता. मानसिंगरावांनी हेल्मेट काढलं. ओली पँट अंगाला चिकटली होती, पण थंडी वाजत नव्हती. डोकं अगदी ठिकाणावर होतं.

ढग निघून गेला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आत्ताही विनिता मनात नव्हती. तिच्यासाठीच इतक्या लांब आले, आणि हा समोर आला तेव्हा तीही नाही, ते स्वतःही नाहीत.

"जगदेव, तसाच आहे रे हा."

"मग काय लहान होणार होता?"

"मला वाटलं होतं."

जगदेवरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी चेष्टा त्यांच्या ओठांवर आली होती, ती त्यांनी गिळली. "मीसुद्धा काल रात्री विचार करत होतो," ते म्हणाले, "की एवढा नसेल." मग दोघं दगडावर बसून राहिले. समरजीतने फोटो काढायला फोन वर केला आणि न काढताच खाली घेतला.

ग्वाल्हेरला परतल्यावर रविवारी मानसिंगराव हरिशंकरपुरमला सोनिकाकडे जेवायला गेले. नाल्यात पडल्याचं सांगितलं, तशी ती पोट धरून हसली. मग वाढता वाढता म्हणाली, "आणि तो डोंगर? समर दादा म्हणत होता, बहोत बडा है."

"मोठा आहे," ते म्हणाले. "फार मोठा आहे." पुढचं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात तिने पोळी वाढली.

आज त्याला दोन महिने झाले. त्या मंगळवारी आपण हसत होतो, हे त्यांनी सोनिकाला अजून सांगितलेलं नाही.